आंबोलीचं फुलपाखरू ओळखायला मदत हवी: ब्लू टायगर की डार्क ब्लू टायगर?

शेवंती | २ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आंबोलीला होतो. लेक सहावीत आहे. शाळेने सुट्टीचा प्रकल्प दिलाय: परिसरातल्या दहा कीटकांचे फोटो, नाव (मराठी आणि इंग्रजी दोन्ही) आणि चार ओळी माहिती. नऊ झाले. दहाव्यावर गाडी अडलीय.

तीन फोटो देतेय. पहिले दोन हिरण्यकेशीच्या रस्त्याला एका ओहोळाच्या कडेला, ओल्या मातीवर. एकात पंख मिटलेले, बाजूने. दुसऱ्यात उघडलेले, वरून. तिसरा आमच्या मुक्कामाच्या घरामागे घाणेरीवर. हा हललाय, त्याबद्दल माफी. दहा-बारा फोटो काढले पण सगळ्यांत पुढचे पंख धूसरच आले. स्वारी क्षणभर स्वस्थ बसत नव्हती.

काळ्यावर फिकट निळसर-पांढऱ्या रेघा आणि ठिपके. मागच्या पंखांच्या काठाला पिवळसर ठिपके दिसताहेत, ते बहुधा घाणेरीचे पराग लागलेले असावेत.

मोबाइलमधलं ॲप म्हणतं ब्लू टायगर. आमच्याकडच्या छोट्या पुस्तिकेत तीन सारखीच चित्रं आहेत: ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर आणि ग्लासी टायगर. मी ब्लू टायगर लिहून मोकळी होणार होते, पण चिरंजीव म्हणतात, "आई, हे त्यातलं एकही नाही." का, ते मात्र त्याला सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा. सोमवारी वही द्यायची आहे.

डोंगरवेडा | २ नोव्हेंबर, रात्री १०:३१

ब्लू टायगर. शंभर टक्के. वीस वर्षं घाटवाटा तुडवतोय, पावसाळा सरला की झुंडीच्या झुंडी पाहिल्यात. लिहून टाका.

घाटमाथा | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मला डार्क ब्लू टायगर वाटतंय. ब्लू टायगरच्या रेघा रुंद, पसरट असतात. तुमच्या फोटोत काळा भाग जास्त आहे. शिवाय आंबोलीसारख्या ओल्या जंगलात डार्क ब्लू भरपूर.

उंटावरचा | २ नोव्हेंबर, रात्री १०:४४

मला फोटो दिसत नाहीत. तरी ब्लू टायगरला माझं मत.

डोंगरवेडा | २ नोव्हेंबर, रात्री १०:४९

घाटमाथा, उन्हाच्या कोनाने रेघा बारीक दिसतात हो. वरून काढलेला फोटो बघा.

गवतफुला | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

थांबा, घाई नको. तिन्ही टायगर एकेक करून बघू.

ग्लासी टायगर सगळ्यात आधी बाद. त्याच्यात निळेपणा नसतो, राखाडी-पांढरी काचेसारखी झाक असते, आणि त्याच्या पांढऱ्या पट्ट्या लांबच लांब, जवळजवळ खिडकीच्या गजांसारख्या दिसतात. हे ते नाही.

ब्लू आणि डार्क ब्लू यांत रेघांची रुंदी बघायची हे घाटमाथा यांचं बरोबर आहे. पण दोघांच्याही मागच्या पंखांच्या काठाला जी ठिपक्यांची ओळ असते ती पांढरी-निळसरच असते. पिवळी नाही. शेवंतीताई, तुम्ही म्हणता घाणेरीचे पराग. पण पहिला फोटो चिखलावरचा आहे ना? तिथे घाणेरी कुठून आली? त्यातही काठाचे ठिपके पिवळेच आहेत. उलट जास्तच ठळक.

तुमच्या लेकाच्या डोळ्यांवर माझा विश्वास बसत चाललाय.

बंडूनाना | २ नोव्हेंबर, रात्री ११:३८

आमच्या लहानपणी एकच नाव होतं, पाकोळी. पिवळी पाकोळी, पांढरी पाकोळी, काळी पाकोळी. प्रकल्प संपला!

चतुर | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

पाय मोजा.

शेवंती | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

कुणाचे? :)

चतुर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:४१

फुलपाखराचे. घाईत होतो, आता नीट लिहितो.

सगळे टायगर आणि क्रो (हीही फुलपाखरंच, गडद तपकिरी) ज्या कुळात येतात त्या कुळाचं मराठी नाव कुंचलपाद. कुंचला म्हणजे ब्रश. या मंडळींची पायांची पुढची जोडी आखडून इवलीशी झालेली असते. ती छातीशी घट्ट दुमडलेली असते आणि चालायला, उभं राहायला उपयोगी पडत नाही. कीटक म्हणून पाय सहाच, पण टेकलेले दिसतात चार. म्हणून ब्लू टायगर ओल्या मातीवर बसलं असेल तर बाजूने चारच पाय मोजता यायला हवेत.

पहिला फोटो मोठा करून बघा. मला मोबाइलवर पाच दिसताहेत आणि सहावा गवताच्या काडीमागे असावा असा संशय आहे. मूळ फोटो तुमच्याकडे आहे, तुम्हीच सांगा.

शेवंती | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

सहा!!! लॅपटॉपवर मोठा करून तिघांनी मोजले. नवऱ्याने पेन्सिलीने पडद्यावर टिंब दिली (आता ती पुसतोय). काडीमागचा पाय गुडघ्यापर्यंत दिसतो. लेक नाचतोय, मला मात्र काहीच कळलेलं नाही. मग हे आहे तरी कोण?

डोंगरवेडा | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

सावली असेल. चिखलात पाणी असतं, प्रतिबिंब पडतं. पाय मोजून कुठे फुलपाखरं ओळखतात का? रंग आणि नक्षी बघायची असते. आम्ही काय वीस वर्षं गुडघे मोजत फिरलो?

चतुर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

डोंगरवेडा, रंग-नक्षी बघूनच आपण फसतो, आणि आपण फसावं यासाठीच ती नक्षी आहे. म्हणजे आपण नाही, पक्ष्यांनी.

हे कॉमन माइम. शास्त्रीय नाव पॅपिलिओ क्लिटिया. नात्याने हे नीलवंत, लिंबोणीवरचं लाइम बटरफ्लाय, कढीपत्त्यावरचं कॉमन मॉरमॉन यांच्या घरातलं, म्हणजे पुच्छ कुळातलं. त्या कुळाचे सहाही पाय धडधाकट असतात. ह्याला शेपूट मात्र नाही, त्यामुळे गोंधळ वाढतो.

माइमची दोन रूपं असतात. एक चॉकलेटी, ते कॉमन क्रोची नक्कल करतं. दुसरं काळ्यावर फिकट निळसर रेघांचं, ते ब्लू टायगरची. शेवंतीताईंचं हे दुसरं, त्याला डिसिमिलिस रूप म्हणतात. काठाचे पिवळे ठिपके ही त्याची मुख्य खूण, जी गवतफुला यांनी आधीच पकडली होती.

आणि ज्या तिसऱ्या फोटोची तुम्ही माफी मागितली, तो माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा. पुच्छ कुळातली फुलपाखरं फुलातला रस पिताना बहुतेक वेळा पुढचे पंख फडफडवत ठेवतात, सगळा भार फुलावर टाकत नाहीत. टायगर फुलावर बसला की बराच वेळ शांत बसतो, दहा फोटो सहज देतो. तुमचा कॅमेरा हललाच नव्हता.

गवतफुला | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

अगदी! फडफडीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नाही. माइमवर शिक्कामोर्तब.

उंटावरचा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:२६

आता फोटो दिसले. फुलपाखरूच आहे, पतंग नाही, याबद्दल मी ठाम आहे.

मृण्मयी | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

चतुर यांचा प्रतिसाद कळला, पण एक प्रश्न. नक्कल करायला टायगरच का? त्यात एवढं काय विशेष आहे?

गवतफुला | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

टायगर बेचव असतात म्हणून. नुसते बेचव नाहीत, पक्ष्याला ओकारी आणतील असे.

टायगर-क्रो घराण्याचे सुरवंट बहुतेक चिकाच्या झाडांवर वाढतात. रुईवर प्लेन टायगर, हिरणदोडीच्या वेलावर ब्लू टायगर. त्या झाडांतली विषारी द्रव्यं यांच्या अंगात साठतात. पंख फुटल्यावरही शिदोरी गोळा करणं चालूच असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घागरीच्या (काही जण खुळखुळा म्हणतात) वाळक्या शेंगांना किंवा भुरुंडीच्या सुकलेल्या काड्यांना टायगर लटकलेले दिसतात. तिथे मध नसतो. तिथून ते अल्कलॉइडं शोषतात. नर ती वापरून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. नराच्या मागच्या पंखावर एक छोटी पिशवी असते, खिसाच म्हणा. फोटोत ती दिसली तर नर-मादीही सांगता येते.

तर एकदा टायगर चाखलेला पक्षी पुन्हा त्या नक्षीच्या वाटेला जात नाही. माइम चवीला चांगलं असूनही त्याच नक्षीचा झगा घालून सुखाने हिंडतं. उडतंही टायगरसारखं, संथ, रमतगमत. घाबरलं की मात्र खरी जात दाखवतं आणि भर्रकन निघून जातं.

पक्याभाई_ठाणे | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:३२

म्हणजे बिनातिकीट प्रवासी, फक्त पासधारकाच्या रुबाबात!

घाटमाथा | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

पक्याभाई, आणि असे प्रवासी फार झाले की टीसी सगळ्यांचीच तिकिटं तपासायला लागतो. नकलाकार संख्येने कमी असावे लागतात ते यासाठीच. पक्ष्याला चविष्टच जास्त मिळायला लागले तर तो नक्षीला घाबरेल कशाला?

डार्क ब्लू टायगर मागे घेतो. बरोबर तर नव्हतोच, पण निदान "ब्लू टायगर नाही" यात मी बरोबर होतो अशी नोंद व्हावी.

बंडूनाना | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

सकाळपासून घागरीच्या वाळक्या शेंगा हे शब्द वाचून शाळेची वाट आठवली. त्या शेंगा पायात बांधून आम्ही लेझीम खेळत असू. फुलपाखरांचं तिथे काही काम चालतं हे आज कळलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

रानमेवा | ३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

नाना, पाकोळीवरून आठवलं. आमच्याकडे (कोल्हापूर) पाकोळी म्हणजे पक्षी. देवळाच्या कमानीखाली घरटी करतो तो. राज्य फुलपाखराला "राणी पाकोळी" म्हणतात हे ऐकून आमचे आबा म्हणाले होते, "पक्ष्याला फुलपाखरू कधीपासून केलं?"

निसर्गवाचक | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. नीलवंत हे नावही चालतं. मला तेच आवडतं, त्यात पक्ष्याशी भांडण नाही.

पिसोळें | ३ नोव्हेंबर, दुपारी १:४४

गोंयांत पिसोळें म्हणतात, बघा माझा आयडी. कुठल्याही पक्ष्याशी भांडण नाही. :)

शेवंती | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकाने दुपारी बसून पान पूर्ण केलं. त्याची चौथी ओळ वाचून हसू आलं: "हे फुलपाखरू दुसऱ्याचे कपडे घालते पण पाय स्वतःचेच वापरते."

आता अडचण मराठी नावाची. बाई नाव मराठीतही मागतात. कॉमन माइमला मराठीत काय म्हणायचं?

पक्याभाई_ठाणे | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

तोतया.

मृण्मयी | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:३६

सोंगाड्या?

रानमेवा | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:५१

बहुरूपी. सोंगाड्या एकच सोंग रंगवून हसवतो, बहुरूप्याकडे दोन-तीन सोंगं तयार असतात. आज पोलीस, उद्या साधू. चतुर म्हणाले तसं याचीही दोन रूपं आहेत, म्हणून बहुरूपीच शोभतं. मात्र वहीत "आम्ही दिलेलं नाव" असं लिहायला सांगा, उगाच कुठल्या यादीतलं म्हणून खपवू नका.

बंडूनाना | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

बहुरूपीला अनुमोदन. आमच्या गावात बहुरूपी फौजदार होऊन आला होता, आणि आमच्या वडिलांनी त्याला खरंच घाबरून चहा पाजला होता. पक्षी तरी काय वेगळं करतात!

निशिगंधा_कोलोरॅडो | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४७

उशिरा आले, पण या धाग्यावर न लिहिता राहवेना.

इकडे याच खेळाची फार गाजलेली जोडी आहे: मोनार्क आणि व्हाइसरॉय. दोन्ही केशरी, काळ्या शिरा. व्हाइसरॉयच्या मागच्या पंखावर एक काळी आडवी रेघ जास्तीची असते, तेवढीच खूण. मोनार्क चिकाच्या झाडांवर वाढतं म्हणून विषारी, व्हाइसरॉय विलोच्या पानांवर वाढतं म्हणून चविष्ट, आणि म्हणून ते नकलाकार. कित्येक वर्षं शाळांत असंच शिकवलं गेलं. १९९१ मध्ये रिटलंड आणि ब्रॉवर या दोघांनी फ्लोरिडातली फुलपाखरं घेतली, पंख काढून नुसती धडं पक्ष्यांपुढे ठेवली. म्हणजे नक्षीचा प्रश्नच उरला नाही. तर व्हाइसरॉयही पक्ष्यांना जवळजवळ मोनार्कइतकंच नकोसं झालं! कुणी कुणाची फुकट नक्कल करत नव्हतं, दोघे मिळून एकच पाटी वापरत होते.

तेव्हा "माइम चविष्ट असतं" हे कुणी तपासलंय का, असा खोडसाळ प्रश्न विचारून जाते.

ता. क. दोघंही कुंचलपादच. इथे पाय मोजून काही उपयोग नाही!

चतुर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

निशिगंधा, प्रश्न खोडसाळ नाही, नेमका आहे. पहिल्या प्रकाराला बेट्सचं नाव आहे. हेन्री बेट्स हा निसर्गअभ्यासक ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं राहिला आणि १८६२ मध्ये त्याने ही कल्पना मांडली: एक बेचव, दुसरा चविष्ट नकलाकार. तुम्ही म्हणता ती एकच पाटी वापरण्याची गोष्ट म्युलर या शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. आपल्या सह्याद्रीतही ती आहेच. ब्लू टायगर, डार्क ब्लू आणि ग्लासी एकमेकांसारखे दिसतात ते याचमुळे; तिघंही बेचव, तिघांचा फायदा. म्हणजे शेवंतीताईंच्या पुस्तिकेतली तीन सारखी चित्रं हा छापणाऱ्याचा आळस नव्हता.

माइमचं मी बहुमताने बोलतो. पुच्छ कुळातलं, सुरवंट दालचिनीसारख्या झाडांवर वाढणारं. चिकाचं विष याच्याकडे येण्याचा मार्ग नाही.

या विषयात आपल्याकडेही मोठं काम झालंय. कॉमन मॉरमॉनच्या मादीला तीन रूपं असतात: एक नरासारखं, एक कॉमन रोझ फुलपाखरासारखं, एक क्रिमझन रोझ फुलपाखरासारखं. तिच्या पंखांवर यातली कुठली नक्षी उमटणार हे डबलसेक्स नावाचं एकच जनुक ठरवतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं. कुंडीतल्या कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची ही गोष्ट आहे.

मृण्मयी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५२

कढीपत्त्यावरचे ते हिरवे जाडे सुरवंट? बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात? मी दरवर्षी चिमट्याने उचलून खाली रस्त्यावर टाकते! अरे देवा.

पक्याभाई_ठाणे | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५८

आजपासून कढीपत्ता बाजारातून आणा. कुंडी त्यांची.

डोंगरवेडा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रात्री झोप लागली नाही म्हणून जुन्या डिस्कवरचे फोटो काढून बसलो. "ब्लू टायगर" नावाच्या फोल्डरमध्ये एकशे चौदा फोटो. पायच दिसत नाहीत असे बहुतेक. ज्यांत दिसतात त्यांत चार, चार, चार... आणि ताम्हिणीतला एक फोटो, ओल्या वाळूवर, ब्लूबॉटल फुलपाखरांच्या घोळक्यात बसलेला. सहा. काठाला पिवळे ठिपके. हा फोटो मी एका दिनदर्शिकेसाठी ब्लू टायगर म्हणून दिला होता आणि छापूनही आला. वर्षभर लोकांच्या भिंतीवर होता.

शंभर टक्के मागे घेतो. वीस वर्षं ठेवतो.

चतुर | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

_/\_ दिनदर्शिका मला हवी. आणि ओल्या वाळूवर ब्लूबॉटलच्या पंगतीत बसणं हेही पुच्छ कुळातल्या नरांचं लाडकं काम. संगतीवरूनही अंदाज आला असता.

आजोबा_ठाणेकर | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

दालचिनीचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. शेवंती, तुम्ही जिथे उतरलात त्या घरामागे दालचिनीचं झाड होतं का? कोकणात आणि घाटमाथ्यावर परसात असतंच. असेल तर कोवळ्या पानांवर सुरवंट शोधायला सांगा. काळपट अंग, त्यावर पिवळे पट्टे आणि लाल ठिपके असा भडक असतो. कोष मात्र चटकन सापडायचा नाही. तो हुबेहूब मोडलेल्या वाळक्या काडीसारखा असतो. टोकाला काडी तुटल्यावर दिसतो तसा तिरपा, खडबडीत तुकडा. मी पंधरा मिनिटं एका कोषाकडे बघत होतो आणि कोष शोधत होतो.

शेवंती | ४ नोव्हेंबर, रात्री ९:०३

आजोबा, होतं! अंगणातच. काकू चहात त्याची पानं टाकायच्या. फोन करून विचारते.

शेवंती | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

काकूंशी बोलले. म्हणाल्या, "तांबड्या ठिपक्यांचे सुरवंट? येतंत गे दरवर्सा. मी पानां तोडून टाकतंय." हात जोडून विनंती केली की एक फांदी तरी सोडा. "फुलपाखरासाठी दालचिनी सोडू?" असं म्हणून हसल्या, पण सोडते म्हणाल्या.

आणि हो, वही दिली. बाईंनी "बहुरूपी" या शब्दाभोवती लाल पेनाने गोल करून "हे नाव कुठून?" असं लिहिलंय. लेकाने खाली उत्तर दिलं, "चर्चेतून."

उंटावरचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:०१

मीही पंखाखाली मोजायला लागलोय. काल घरातलं झुरळ उलटं करून मोजलं. सहा. झुरळ पुच्छ कुळातलं असावं.

गवतफुला | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:०९

उंटावरचा, :D. पण नवीन लोकांसाठी एक सांगते, कारण पाय मोजणं फार सोपं वाटून लोक जाळी घेऊन निघतात. पकडायची गरज नसते, आणि जंगल खात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय पकडूच नका. खाली बसा, पाखराच्या उंचीला या, बाजूने एक आणि वरून एक फोटो घ्या. कुठल्या झाडावर किंवा कशावर बसलं होतं ते लिहून ठेवा. सह्याद्रीत सव्वातीनशेहून अधिक जातींची फुलपाखरं आहेत. पैकी निदान निम्मी झाड-जागेच्या टिपणावरूनच सुटतील असा माझा अनुभव.

शेवंती | १९ जानेवारी, रात्री ८:१५

धागा वर काढतेय. काकूंनी फोटो पाठवलाय: दालचिनीच्या बुंध्याजवळची एक फांदी, त्यावर तुटकी काडी. खाली व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप. तसाच लिहून काढते: "सुको फाटो समजान मोडूक गेलंय, हाताक मऊ लागलो म्हणान सोडून दिलंय. ह्योच काय तुमचो?"

ह्योच का आमचो?

आजोबा_ठाणेकर | १९ जानेवारी, रात्री ८:५०

ह्योच! कंबरेभोवतीचा बारीक दोर बघा, त्यानेच तो फांदीला बांधून घेतलेला असतो. हात लावू नका म्हणावं. पाणीही मारू नका. कोरड्या दिवसांत कोष महिनोन् महिने तसाच राहू शकतो, मेला समजून काढून टाकू नका.

डोंगरवेडा | १९ जानेवारी, रात्री ९:१०

बाहेर आलं की फोटो टाका. निळ्या रेघांचं पाखरू, मी आता पाय न मोजताही सांगेन.

शेवंती | १४ मार्च, सकाळी ९:२२

काकूंचा फोटो आला! आज सकाळी बाहेर आलं. पंख वाळवत फांदीला लटकलंय. पण... हे तपकिरी आहे. गडद चॉकलेटी, काठाला पांढरे ठिपके. रेघा नाहीत. काकू म्हणतात, "तुम्ही म्हणालात त्यातला नाय ह्यो." काही चुकलं का?

डोंगरवेडा | १४ मार्च, सकाळी ९:३०

कॉमन क्रो. यावेळी खरंच शंभर टक्के. कोष बदलला असेल, किंवा दुसरंच काहीतरी येऊन बसलं असेल शेजारी. क्रो मी झोपेत ओळखतो.

शेवंती | १४ मार्च, सकाळी ९:४१

लेक शाळेत जाता जाता दारातून ओरडून गेलाय, तसंच्या तसं लिहिते: "काकांना विचार, पाय मोजले का?"